रेडियमच्या सुईपासून आयोडिनच्या दाण्यापर्यंत

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत व्याख्यानमालेचे दिवस आणि राब भाजण्याचे दिवस साधारण एकच. भाताच्या रोपासाठी राखलेल्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर घालून शेतकरी तो पेटवतो. पण त्याआधी तो दोन गोष्टी पाहतो. वारा कोणीकडचा आहे ही एक, आणि वाफ्याच्या कडेचे वाळले गवत साफ केले आहे की नाही ही दुसरी. आग लावणे कोणालाही येते. ती वाफ्यात ठेवणे हे खरे काम. कर्करोगावरील आतल्या किरणोपचाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मी आज सांगणार आहे, आणि तो बव्हंशी या दुसऱ्या कामाचाच इतिहास आहे.

आपल्याकडे किरणोपचाराला लोक ‘शेक’ म्हणतात. ‘परळला नेले, शेक दिला’ एवढ्या चार शब्दांत घरोघरची कहाणी सांगितली जाते. शब्द तसा चुकीचा आहे. किरण घेताना ऊब लागत नाही, दुखत नाही, काही दिसतही नाही. पण जुन्या काळी ज्यांची कातडी काळी पडली, ज्यांना पुढे लघवीतून किंवा शौचातून रक्त गेले, त्यांची आठवण या शब्दात साठून राहिली आहे, आणि त्या आठवणीच्या धाकाने आजही कित्येक वृद्ध गृहस्थ तपासणीलाच जात नाहीत. आजार असतो अशा जागेचा, की मुलापाशी बोलायची लाज वाटते. सुनेपाशी तर विषयच नको. म्हणून हा इतिहास चारचौघांत उघडपणे सांगितलेला बरा.

पुरःस्थ ग्रंथी, जिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात, ती पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. आकार अक्रोडाएवढा. मूत्रनलिका तिच्या पोटातून जाते. वर मूत्राशय टेकलेले, मागे काही मिलिमीटरवर गुदाशयाची भिंत, आणि दोन्ही अंगांनी पुरुषत्वाशी संबंध असलेले मज्जातंतू. चाळीतल्या मधल्या बिऱ्हाडासारखी तिची अवस्था आहे. तिथे काही करावे तर चारही शेजाऱ्यांना धक्का लागतो. शरीराबाहेरून किरण सोडले तर ते या शेजाऱ्यांच्या अंगणातूनच आत जातात. त्यामुळे किरण देणारी वस्तू थेट ग्रंथीत नेऊन ठेवावी, ही कल्पना फार लवकर निघाली. तिच्या मुळाशी एक साधा नियम आहे. बिंदूसारख्या उगमापासून अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. शेकोटीपासून दोन पावले मागे सरकलेल्या माणसाला हे पुस्तक न वाचता कळते.

प्रारंभ मात्र एका भाजण्यानेच झाला. पॅरिसचे शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १९०१ मध्ये रेडियमची नळी अंगरख्याच्या खिशात बाळगली, आणि काही दिवसांनी खिशाखालची कातडी लाल होऊन तिथे व्रण झाला. पिएर क्युरी यांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर तोच प्रयोग करून पाहिला. निरोगी कातडी जळते, तर रोगट कातडीही जळेल, असा तर्क निघाला आणि त्याच वर्षी क्युरींनी दिलेले रेडियम डॉक्टर दांलो यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोगावर वापरले. म्हणजे या उपचाराचा गुण त्याच्या दोषातून कळला. १९०३ मध्ये टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एका डॉक्टरला पत्र लिहून सुचवले, की रेडियमचा कण काचेच्या बारीक नळीत बंद करून कर्करोगाच्या गाठीच्या अगदी गर्भात का ठेवू नये? टेलिफोनवाल्याला वैद्यकातले काय कळते, असे म्हणायची सोय राहिली नाही. पुढची सारी विद्या याच वाटेने गेली.

पुरःस्थ ग्रंथीपर्यंत रेडियम नेले ते प्रथम फ्रान्समध्ये. पास्तो यांनी १९११ च्या सुमारास मूत्रनलिकेतून रबरी नळीवाटे रेडियम आत सरकवून उपचार केल्याचे लिहिले. नंतर न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात बॅरिंजर यांनी १९१५ पासून वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेतून लांब सुया ग्रंथीत खुपसायला सुरुवात केली. सुई कुठे गेली हे कळायला साधन एकच होते. डॉक्टरचे एक बोट रोग्याच्या गुदाशयात असे आणि त्या बोटाच्या अंदाजाने दुसरा हात सुई ढकलत असे. अंधाऱ्या रात्री कंदिलावाचून वाफा पेटवण्यासारखेच हे. आग वाफ्यात कधी लागे, कधी बांधावर. गाठ आकसली तरी गुदाशय आणि मूत्राशय यांना जखमा होत, काही रोग्यांच्या बाबतीत दोहोंच्या मध्ये भोक पडे, आणि रोगापेक्षा उपायाचे दुःख अधिक होई. शिवाय रेडियम होते दुर्मिळ. १९२१ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्याची किंमत एक लाख डॉलर होती.

या काळातली एक सुधारणा मला फार शहाणपणाची वाटते. रेडियममधून सतत एक वायू निघतो, रेडॉन. तो चार दिवसांच्या आत निम्मा होतो. तो काचेच्या केसासारख्या नळ्यांत भरून नळ्यांचे तुकडे गाठीत पेरीत. पण त्यातून दोन तऱ्हेचे किरण निघतात. गॅमा किरण लांब जातात. बीटा किरण जेमतेम काही मिलिमीटर जातात, पण तेवढ्यातच भोवतालचे मांस जाळून टाकतात. मेमोरियलचे भौतिकशास्त्रज्ञ फैला यांनी १९२० नंतरच्या दशकात काचेऐवजी सोन्याची नळी घेतली. सोन्याच्या पातळ भिंतीत बीटा किरण अडून राहू लागले आणि कोळसा होणे थांबले. म्हणजे औषध वाढवून नव्हे, तर त्यातला एक भाग मुद्दाम अडवून उपचार सुधारला.

तथापि पुरःस्थ ग्रंथीच्या बाबतीत ही विद्या मागे पडली, आणि त्याला कारण एक दुसरेच मोठे यश झाले. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले, की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते संप्रेरक तोडले की पसरलेला रोगही मागे हटतो. त्यांना यासाठी १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक तोडल्याने रोग दबतो, सहसा मुळासकट जात नाही, हे हळूहळू उमगले. पण तोवर सुया कपाटात गेल्या होत्या.

त्याच १९४१ सालच्या २८ फेब्रुवारीला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. इथे थोडे आपल्या घराकडे वळतो, कारण या रुग्णालयाच्या कुळकथेत आपले दोन्ही तालुके येतात आणि ते आपण विसरलो आहोत. घाटावर पडणारा पाऊस अडवून त्याच्या पडण्यातून मुंबईसाठी वीज काढावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये वारले. थोरले चिरंजीव दोराबजी यांनी १९१० मध्ये वीज कंपनी काढली, आणि १९१५ मध्ये खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. खोपोलीचे पाणी वीज देऊन पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हासेकडे जाते. वीज मात्र आमच्या डोक्यावरून मुंबईला गेली आणि आमची खेडी पुढे कित्येक वर्षे कंदिलावर राहिली, हेही इतिहासातच लिहिले पाहिजे. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने पाडले; २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. असो.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पत्नीला परदेशात मिळाले तसे उपचार आपल्या देशात मिळावेत हा ध्यास दोराबजींनी घेतला. पुढच्याच वर्षी तेही गेले, पण जाण्यापूर्वी टाटा सन्समधील आपले भाग आणि सारी मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधीला देऊन टाकली होती. त्या निधीतून परळचे रुग्णालय उभे राहिले. घाटावरून उतरलेल्या पाण्याचा एक थेंब त्या इमारतीच्या चुन्यात मिसळला आहे, असे कर्जत-खालापूरच्या माणसाने म्हटले तर ती बढाई ठरणार नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले संचालक होते डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे. कर्करोगाचे रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली होती, १९६० मध्ये दुसरी मोठी भट्टी चालू झाली होती, आणि रेडियमची सद्दी संपवणारी कृत्रिम किरणोत्सारी द्रव्ये जगभर अशा भट्ट्यांतच तयार होऊ लागली होती. होमी भाभांना पुढचे दिसत होते.

रेडियमचे वैगुण्य समजण्यासाठी दोन आकडे ध्यानात घ्या. रेडियमच्या गॅमा किरणांची ताकद निम्मी व्हायला सुमारे दहा सेंटिमीटर मांस मध्ये यावे लागते, आणि खुद्द रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. एवढी दांडगी आग अक्रोडाएवढ्या वाफ्यात राहणार कशी? कृत्रिम द्रव्यांत आयोडिन-१२५ नावाचे एक निघाले. त्याचे किरण रेडियमच्या सरासरी किरणाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतके कमजोर. दोन सेंटिमीटर मांसात ते निम्मे होतात. दर साठ दिवसांनी द्रव्य स्वतःच निम्मे होते, म्हणजे दहा महिन्यांनी जेमतेम बत्तिसावा भाग उरतो. दाणा शरीरात कायमचा राहिला तरी तो विझलेला निखारा असतो. वैद्यकाच्या इतिहासात बलवान औषध शोधण्याच्या कथा पुष्कळ आहेत. इथे शोध घेतला गेला तो अधिक दुबळ्या किरणाचा, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

परंतु दुबळा किरण घेतला की नेमकेपणाची जबाबदारी वाढते. दांडगा किरण थोडा इकडे-तिकडे पडला तरी गाठीपर्यंत पोचे. दुबळा चुकीच्या जागी पडला तर गाठीचा एखादा कोपरा कोराच राहतो. नेमके हेच घडले. न्यूयॉर्कच्या व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर ओटीपोट उघडून, हाताने चाचपत, आयोडिनचे दाणे ग्रंथीत पेरले. शेजाऱ्यांना त्रास कमी झाला, त्यामुळे सुरुवातीला आनंद झाला. काही वर्षांनी रोग अनेकांत उलटला. दाणे कुठे गर्दी करून बसले होते, कुठे एकही नव्हता. हाताने फेकलेले बी आणि ओळीत लावलेले रोप यांत जो फरक, तो इथे जीवनमरणाचा ठरला. पुष्कळ डॉक्टरांनी हा मार्ग सोडून दिला.

त्यांना परत आणले ते ध्वनीने. कोपनहेगनचे होल्म यांनी १९८३ मध्ये नवी रीत प्रसिद्ध केली. जिथे पूर्वी डॉक्टरचे बोट असे, त्या गुदाशयात त्यांनी सोनोग्राफीची कांडी ठेवली. पडद्यावर ग्रंथी, मूत्रनलिका आणि गुदाशयाची भिंत दिसू लागली, आणि सुई आत शिरताना डोळ्यांनी पाहता येऊ लागली. पोट उघडण्याची गरज उरली नाही. बाहेर चौकटीला जाळीसारखी भोके असलेली पाटी लावायची, कोणत्या भोकातून किती खोल सुई घालायची हे आधी गणिताने ठरवायचे, मग एकेका सुईतून दाणे सोडीत सुई मागे घ्यायची. अमेरिकेतील सिएटल शहरात रागदे आणि ब्लास्को यांनी १९८५ पासून ही रीत चालवली आणि तिथून ती जगभर गेली. एका ग्रंथीत साधारण ऐंशी ते शंभर दाणे लागतात. ते मांडताना गणित असे करतात, की मधल्या मूत्रनलिकेजवळ गर्दी होऊ नये आणि गुदाशयाकडच्या कडेला हात राखून राहावा.

हे दाणे भारतात आले ते आधी परदेशी होते. पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपले दाणे बनवले. पॅलेडियमचा मुलामा दिलेली चांदीची तीन मिलिमीटर काडी, तिच्यावर आयोडिन चिकटवलेले, आणि भोवती टायटॅनियमची बंद कुपी, जिची तोंडे लेझरने सांधलेली. सारी लांबी पावणेपाच मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरहूनही कमी. तांदळाच्या बारीक कणीची आठवण यावी. ‘ऑक्यु-प्रोस्टा’ हे त्यांचे नाव, कारण तोच दाणा डोळ्यातल्या कर्करोगालाही चालतो. डोळा काय आणि ही ग्रंथी काय, दोन्हीकडे अडचण एकच: रोगाला अगदी चिकटून काहीतरी अनमोल आहे.

दुसरी एक वाट आहे, तिच्यात काहीच मागे ठेवायचे नसते. ग्रंथीत पोकळ सुया घालायच्या, आणि इरिडियम-१९२ चा एकच लहान पण तीव्र तुकडा तारेच्या टोकाला बसवून यंत्राने एकेका सुईत पाठवायचा. तो कोणत्या ठिकाणी किती सेकंद थांबेल हे संगणक ठरवतो. काम झाले की तुकडा पेटीत परत, सुया बाहेर, आणि रोगी किरणमुक्त. या रीतीचे मूळ उपचार करणाऱ्यांच्या संरक्षणात आहे. जुन्या पिढीतले डॉक्टर, परिचारिका रेडियम हाताने हाताळीत आणि बोटे गमावीत. अशा बळींचे स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्गला उभारले गेले. न्यूयॉर्कच्या हेन्श्के यांनी १९५०-६० च्या काळात आधी रिकाम्या नळ्या बसवाव्यात आणि किरणद्रव्य मागाहून सोडावे ही पद्धत रूढ केली, आणि निरोगी मांस वाचवण्याच्या यादीत डॉक्टरचा हातही आला.

अलीकडे कडेचे गवत साफ करण्याचाही उपाय निघाला आहे. वनखाते वणव्यासाठी जाळरेषा काढते, तशी ग्रंथी आणि गुदाशय यांच्यामध्ये पाण्याने फुगलेल्या मऊ जेलची उशी इंजेक्शनने घालतात. ती दोहोंत साधारण एक सेंटिमीटर अंतर पाडते आणि काही महिन्यांत विरघळून जाते. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. एक सेंटिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण शेकोटीचा नियम आठवा. काही मिलिमीटरच्या जागी एक सेंटिमीटर म्हणजे मारा कित्येक पटींनी कमी.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की मग प्रश्न सुटलाच. तसे नाही, आणि व्यासपीठावरून तसे सांगणे लबाडीचे होईल. कॅनडात जोखीम अधिक असलेल्या ३९८ रोग्यांवर एक तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. बाहेरून किरण दिल्यावर काहींना वरचा डोस पुन्हा बाहेरूनच दिला, काहींना आयोडिनचे दाणे पेरून. सात वर्षांनी रोग न उलटलेले लोक पहिल्या गटात शेकडा ७५ होते, दाण्यांच्या गटात ८६. पण पाच वर्षांत मूत्रमार्गाचे गंभीर त्रास पहिल्यात शेकडा ५ जणांना झाले, दुसऱ्यात १८ जणांना. लाभ खरा, किंमतही खरी. ज्याची ग्रंथी फार मोठी आहे किंवा ज्याला आधीच लघवी अडते, त्याला दाणे बहुधा मानवत नाहीत. शिवाय हा उपाय ग्रंथीच्या आतच असलेल्या रोगाचा. हाडांत उतरलेल्या रोगाला दाण्यांचा उपयोग नाही.

आणि काही वेळा सर्वांत जास्त निरोगी मांस वाचते ते काहीच न केल्याने. ब्रिटनमध्ये १६४३ रोग्यांचे तीन गट करून एकाला शस्त्रक्रिया, एकाला किरण, आणि एकाला नुसती नियमित देखरेख दिली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: या रोगाने मेलेले तिन्ही गटांत शंभरात सुमारे तीनच. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते हे खरे, पण सौम्य रोगाला घाई नको हे सिद्ध झाले. देखरेख म्हणजे मात्र रक्ताची तपासणी आणि ठरल्या वेळी डॉक्टरकडे हजेरी. घरी बसून रोग लपवणे नव्हे.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. रात्री तीनदा उठावे लागते, ते बहुतेकांच्या बाबतीत वयाने वाढलेल्या ग्रंथीमुळे, कर्करोगामुळे नव्हे. आणि सुरुवातीचा कर्करोग तर पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. म्हणून त्रासावरून अंदाज बांधणे व्यर्थ. कमरेचे हाड दुखू लागल्यावर जो गृहस्थ पहिल्यांदा डॉक्टरकडे जातो, त्याच्यासाठी दाणा, सुई, जेलची उशी या सगळ्या गोष्टी उशिरा आलेल्या असतात. एके काळी बाहेरच्या किरणांसाठी सात-आठ आठवडे रोज जावे लागे. कर्जतहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर, खोपोलीहून त्याहून लांब; रोज लोकलने जाऊन येणे भाताच्या हंगामात कोणाला परवडणार? बाहेरचे उपचारही आता पुष्कळांच्या बाबतीत चार आठवड्यांवर, काही निवडक रोग्यांत पाच वेळांवर आले आहेत, आणि दाणे पेरण्याचे काम एकदाच होते. खारघरला, आपल्याच रायगड जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्राचे साठ एकरांचे संशोधन व उपचार केंद्र २००२ पासून आहे. डॉक्टरला विचारायचे प्रश्न थोडे आहेत: रोग ग्रंथीत आहे की बाहेर गेला आहे, तो सौम्य आहे की जहाल, आणि माझ्या बाबतीत थांबून पाहता येईल का.

दाणे पेरून घरी आलेल्या माणसाला रुग्णालय एक सूचना देते, तिची मला नेहमी गंमत वाटते. त्याच्यापासून घरच्यांना धोका जवळजवळ नसतो. एकाच पंगतीत जेवावे, एकाच घरात निजावे, कपडे एकत्र धुवावेत. फक्त पहिले दोन महिने नातवंडांना फार वेळ मांडीवर घेऊन बसू नये आणि गरोदर लेकीसुनेच्या अगदी जवळ बसणे टाळावे. पुढे दाण्यांचा जोर ओसरला की नातू मांडीवर येऊन बसायला मोकळा.